उथळ पाण्याला खळखळाट फार

आईबाबांना आणि भाच्याला ऑस्ट्रेलियात फिरायला आणायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल? एक्सेल शीट बनवली. आमच्या धंद्यातला माणूस दुसरं काय करणार म्हणा. व्हिसाचे कागद, बाबांच्या छातीचा एक्स-रे, ट्रॅव्हल इन्शुरन्स, बीपीच्या गोळ्या तीन महिने पुरतील इतक्या आणि त्यांचं डॉक्टरांचं चिठ्ठीपत्र, अकोला-मुंबई रेल्वेचं रिझर्व्हेशन, मुंबई-मेलबर्न विमान, गुडघेदुखीसाठी आईला पायऱ्या नसलेली हॉटेलं. शिवाय आईने काय आणायचं आणि काय आणायचं नाही याची वेगळी टॅब. (इथल्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंबद्दल फार कडक तपासणी असते. आईने फॉर्मवर सगळं प्रामाणिकपणे लिहिलं आणि कुरडया म्हणजे काय हे त्या अधिकारी बाईंना हातवारे करून समजावलं. कुरडया सुटल्या.)

त्रेसष्ट ओळींची शीट होती. निघायच्या दिवशी सगळ्या ओळी हिरव्या. मी स्वतःवरच खूश.

त्या त्रेसष्ट ओळींत 'पोहता कोणाकोणाला येतं?' अशी ओळ नव्हती. सुट्टी कुठे, तर समुद्रकिनाऱ्यावर. जाणार किती जण, तर सहा. पोहता येणारे किती, तर एक. ती एक म्हणजे माझी सहा वर्षांची मुलगी.

आज लिहायचंय ते ह्या सुटलेल्या ओळीबद्दल.

आता आमची पार्श्वभूमी. बाबा अकोल्याचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे मास्तर. आईचं माहेर दर्यापूरजवळचं एक खेडं, म्हणजे अमरावती जिल्हा. बहीण अमरावतीला दिली, बायको अमरावतीची. थोडक्यात, अकोला-अमरावती हा शंभरेक किलोमीटरचा पट्टा म्हणजे आमचं जग. त्या जगात सुट्टी म्हणजे काय? लहानपणी मे महिन्यात मामाचं गाव. जरा पैसे जमले तर चिखलदरा. शेगावला गजानन महाराजांचं दर्शन आणि येताना कचोरी. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो बारावीनंतर, गिरगाव चौपाटीवर, आणि तोही चपला हातात घेऊन घोट्यापर्यंत.

वऱ्हाडातल्या माणसाचं आणि पाण्याचं नातं समजून घ्यायचं असेल तर आमच्या घरातल्या टाक्या बघायच्या. गच्चीवर एक, अंगणात एक, न्हाणीघरात दोन पिंपं. नळ किती दिवसांनी येतो यावरून पाहुण्यांना 'या' म्हणायचं की 'पुढच्या आठवड्यात या' म्हणायचं हे ठरायचं. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. तिथे जमिनीखालचं पाणीच खारट. टोर्कीच्या किनाऱ्यावर आईने पहिल्यांदा समुद्राचं पाणी बोटाने जिभेला लावलं आणि शांतपणे म्हणाली, "हे तं आमच्या गावच्या विहिरीसारखंच हाय." आम्ही अर्धा तास हसत होतो.

तर अशी ही मंडळी मी जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात ग्रेट ओशन रोडवर नेली. मेलबर्नच्या नैऋत्येला टोर्कीपासून सुरू होणारा हा साधारण 240 किलोमीटरचा रस्ता. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात तो बांधला, तोही आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. हे सांगितल्यावर बाबांनी गाडीतून उतरून कमानीपाशी उभं राहून नमस्कार केला. मास्तर ते मास्तरच. पुढे ट्वेल्व्ह अपॉस्टल्स, समुद्रात उभे असलेले चुनखडीचे उंच सुळके. नाव बारांचं असलं तरी ते बारा कधीच नव्हते. त्यातलाही एक 2005 साली कोसळला. भाचा बंडू, वय अकरा, म्हणाला, "मामा, मग आपण पैसे बाराचे दिले का?" (बघायला पैसे लागत नाहीत. पण प्रश्न बरोबर अमरावतीकराचा होता.)

तिथून जवळच लॉक आर्ड गॉर्ज नावाची एक घळ आहे. 1 जून 1878 ला इंग्लंडहून मेलबर्नला निघालेलं 'लॉक आर्ड' हे जहाज तिथल्या बेटावर आपटून फुटलं. जहाजावर 54 माणसं होती, वाचली दोन. टॉम पिअर्स हा जहाजावरचा उमेदवार खलाशी, आणि ईव्हा कारमायकल ही प्रवासी मुलगी. दोघंही विशीच्या आतबाहेरची. टॉम आधी किनाऱ्याला लागला, मग लाकडाला धरून तरंगणारी ईव्हा त्याला दिसली आणि तो पुन्हा पाण्यात शिरून तिला ओढत घेऊन आला. तिचे आईवडील आणि भावंडं त्याच जहाजावर होती. सगळी गेली. मी ही गोष्ट आईला सांगितली तर ती म्हणाली, "म्हंजे त्याले पोहता येत होतं म्हून ती वाचली." मी म्हटलं, हो. आणि आम्ही सगळे फोटो काढायला लागलो.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. किनाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण दोष किनाऱ्याचा नव्हता. गाडी लावली तिथून डाव्या हाताला, चारेकशे मीटरवर लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले होते आणि त्या दोन झेंड्यांच्या मधे ही गर्दी. पोरं, म्हातारे, छोट्या पाट्या घेऊन लाटांवर पालथे पडणारे. लाटा चांगल्या फुटत होत्या, पांढरा फेस आणि नुसता गोंगाट. आमच्यासमोर मात्र एक छान पट्टा होता. तिथे लाटा जवळजवळ नव्हत्याच. पाणी गडद हिरवं, गुळगुळीत, शांत. माणूस एक नाही.

माझ्या डोक्यात काय आलं असेल? लोड बॅलन्सिंग! सगळे एकाच काउंटरवर रांग लावून उभे आहेत आणि शेजारचं काउंटर रिकामं. मेंढरं लेकाची. शिवाय आईबाबा सोबत, बंडू सोबत, मग शांत पाणीच बरं की.

मुलगी म्हणाली, "बाबा, फ्लॅग्ज तिकडे आहेत."

मी म्हटलं, "हो गं, पाचच मिनिटं."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी आणि बंडू पाण्यात शिरलो. बाबा पँट दुमडून मागे घोटाभर पाण्यात उभे. चार पावलांत पाणी कमरेपर्यंत आलं. वाळू पायाखालून सरकत होती, गालिचा कोणी ओढावा तशी. बंडू हसत होता. पुढच्या पावलाला त्याचा तळ सुटला. मी त्याचा दंड धरला आणि मागे वळलो तर किनारा जिथे असायला हवा त्याच्यापेक्षा लांब होता. मी पाय मारत होतो आणि जागेवरच होतो. पाणी ओरडत नव्हतं, आपटत नव्हतं, काही नाटकी नव्हतं. कोणीतरी शर्टाचं टोक धरून शांतपणे आत नेत असावं तसं. बंडूने एकदा पाणी गिळलं आणि त्याचं हसणं थांबलं.

मी 'हेल्प' ओरडलो की 'वाचवा' ओरडलो ते मला आठवत नाही. बायको म्हणते मी नुसताच 'ए' ओरडलो.

सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा बाजूने सर्फबोर्डवर पालथा पडून हात मारत आला. घाई नाही, आरडाओरडा नाही. बंडूला त्याने बोर्डावर चढवलं, मला मागची कड धरायला लावली, आणि सरळ किनाऱ्याकडे न जाता आडवा निघाला. तोही कुठे, तर जिथे लाटा फुटत होत्या त्या गोंगाटाकडे! मला वाटलं हा वेडा आहे, आता मरतोच आपण. वीस-पंचवीस हात गेलो असू. एक लाट डोक्यावर फुटली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि मग तो पोरगा म्हणाला, "उभा राहा."

मी उभा राहिलो. पाणी माझ्या मांडीपर्यंत होतं.

तिथून चालत बाहेर आलो. पोराने आमच्याकडे एकदा बघितलं, झेंड्यांकडे बोट दाखवलं आणि परत गेला. त्याचं नावही विचारायचं राहिलं. आई बंडूला पदराने पुसत होती, ती नंतर तासभर पुसतच होती. बाबा काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावरही कितीतरी वेळ नाही. मग एकदम, वर्गात विचारावं तसं:

"उथळ पाण्याले खळखळाट फार. चौथीत शिकवलं होतं तुले. अर्थ सांग."

मी म्हटलं, "ज्याला कमी येतं तो जास्त बडबड करतो."

"तो लाक्षणिक अर्थ झाला. वाच्यार्थ सांग."

मंडळी, वाच्यार्थ असा आहे. लाट फुटते ती तळ उथळ झाला की. वाळूचा बांध असतो त्यावर येऊन ती आपटते, फेस होतो, आवाज होतो. म्हणजे जिथे गोंगाट आहे तिथे पायाला वाळू लागण्याची शक्यता जास्त. ह्या सगळ्या लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत कुठून तरी जायला हवं ना? ते बांधातल्या फटीतून, एका खोल चरातून समुद्राकडे परत जातं. त्या चरावर लाटा फुटत नाहीत, कारण तिथे पाणी खोल आहे. म्हणून तो पट्टा गडद दिसतो, गुळगुळीत दिसतो, शांत दिसतो. ह्यालाच इथे रिप करंट म्हणतात. जोर असला तर तो सेकंदाला दोन मीटरपर्यंत ओढतो. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली हिशेब मांडला होता. ऑस्ट्रेलियात ह्या प्रवाहांमुळे वर्षाला सरासरी 21 माणसं मरतात, शार्कमुळे सरासरी एक. आणि आम्ही गाडीत येताना बंडूला शार्कच्या गोष्टी सांगत होतो.

आपल्या म्हणीने ह्या समुद्राचं भौतिकशास्त्र नेमकं सांगून ठेवलंय. आम्ही फक्त तिचा लाक्षणिक अर्थ परीक्षेत लिहून दोन मार्क घेतले.

आम्ही सुटलो. सगळे सुटत नाहीत. 24 जानेवारी 2024 ला मेलबर्नच्या दुसऱ्या बाजूला, फिलिप आयलंडवर, जीवरक्षक नसलेल्या एका किनाऱ्यावर एका भारतीय कुटुंबातले चार जण बुडाले. त्यातली एक सुट्टीसाठी भारतातून आलेली होती. पंजाबी कुटुंब होतं, म्हणजे त्यांच्याकडेही समुद्र नाही. ती बातमी आली तेव्हा आम्ही इथल्या मराठी मित्रांनी दोन दिवस हळहळ केली आणि नंतर पुढच्या लाँग वीकेंडचं बुकिंग केलं. मीही त्यातलाच.

आणि हे फक्त परदेशाचं आहे असं नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी गेले. समुद्र लागतो असंही नाही. 14 सप्टेंबर 2021 ला आपल्याच अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यात, वर्धा नदीत नाव उलटून एकाच नात्यागोत्यातले 11 जण गेले. ताईने त्या दिवशी फोनवर ती बातमी सांगितली होती आणि शेवटी म्हणाली होती, "पोरांना पाण्याजवळ जाऊच द्यायला नको." आपल्याकडे प्रत्येक बुडण्यातून काढला जाणारा निष्कर्ष हाच असतो. मला तो चुकीचा वाटतो, आणि ह्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच.

का चुकीचा, ते आमच्याच घरातल्या तीन पिढ्यांवरून सांगतो.

माझ्या आजोबांना पोहता येत होतं. पूर्णेत शिकले. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि थोरल्या भावाने ढकलून द्यायचं, एवढाच कोर्स. पूर आलेल्या नदीत कुठे उतरायचं आणि कुठे नाही हे त्यांना नुसतं बघून कळायचं म्हणे. बाबा शिकायला गावातून अकोल्याला आले, खोलीत राहिले, नदी सुटली. त्यांना थोडे हातपाय मारता येत होते, तेही गेले. मी तर अकोल्यातच वाढलो. मला एकच धडा मिळाला, पाण्याजवळ जाऊ नको. म्हणजे आजोबांकडे कौशल्य होतं, बाबांकडे त्याची आठवण होती, आणि माझ्यापर्यंत फक्त भीती पोचली. आणि आई? तिला कोणी विचारलंच नाही. दर्यापूरच्या खेड्यातली मुलगी कपडे धुवायला नदीवर जायची. पोहायला नाही.

मला ट्यूशन लावल्या गणिताच्या, फिजिक्सच्या, केमिस्ट्रीच्या. इंग्लिश स्पीकिंगचा कोर्स झाला, टायपिंग झालं. पोहणं? "ते कायले पाह्यजे?" ह्यात मी बाबांना दोष देत नाही. जिथे नळाला पाणी येत नाही तिथे पोरांनी डुंबायला तलाव भरायचा ही कल्पनाच चैनीची वाटते. पण भीतीची एक गंमत आहे. ती घरी असेपर्यंतच काम करते. गावातल्या डोहापाशी आपण जात नाही, कारण डोहात अमुक साली तमुक गेला हे सगळ्या गावाला माहीत असतं. सुट्टीवर गेलं की ती भीती आपण घरी ठेवून निघतो. नवा किनारा, नवे कपडे, फोन हातात, मूड मस्त. तिथे अमुक साली कोण गेला हे सांगायला कोणी ओळखीचं नसतं. भीती उतरली की खाली काहीतरी ज्ञान असायला हवं ना? आमच्याखाली काहीच नव्हतं. पायाखालची वाळूसुद्धा नव्हती.

इथे कोणी म्हणेल, अरे ऑस्ट्रेलियन लोकांचं वेगळं, ते समुद्रातच जन्मतात. मलाही तसंच वाटायचं. वाचायला लागलो तर वेगळंच निघालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सिडनीच्या किनाऱ्यांवर दिवसाढवळ्या समुद्रात उतरायला बंदी होती. 1902 साली मॅनली इथे विल्यम गोचर नावाच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाने आधी जाहीर करून भरदिवसा समुद्रात आंघोळ केली. पुढे बंदी ढिली झाली आणि लोक झुंडीने पाण्यात शिरले. पोहता किती जणांना येत होतं? फारच थोड्यांना. माणसं बुडू लागली. त्यातून स्वयंसेवकांनी जीवरक्षक मंडळं काढली, बाँडायचं मंडळ 1907 सालचं. 6 फेब्रुवारी 1938 ला बाँडायवर एकापाठोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि शेकडो माणसं एकदम आत ओढली गेली. त्या दिवशी तिथे बरेच जीवरक्षक हजर होते म्हणून मृतांचा आकडा पाचवर थांबला. म्हणजे हे लोकही आपल्यासारखेच होते. त्यांनी मात्र पोरांना पाण्याजवळ जाऊ नका असं न सांगता शिकवायला घेतलं. आज रविवारी सकाळी किनाऱ्यावर पाच-सहा वर्षांची पोरं भडक रंगाचे बंड्या घालून रिप कसा ओळखायचा ते शिकताना दिसतात. माझ्या मुलीला झेंडे कुठे आहेत हे कळलं ते ह्याच शिकवणीतून. ती काही माझ्यापेक्षा हुशार नाही. (बरं, आहे.)

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पोहता येणारेही बुडतात की. अगदी बरोबर. 17 डिसेंबर 1967 ला ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट मेलबर्नजवळच्या चेव्हियट बीचवर पोहायला उतरले आणि परत आले नाहीत. त्यांचा देहही सापडला नाही. ते समुद्राला सरावलेले होते. (पुढे मेलबर्नमधल्या एका तरणतलावाला त्यांचं नाव देण्यात आलं. ह्या देशाचा विनोद असा आहे.) तेव्हा तलावात चार लांब्या मारता आल्या म्हणजे समुद्र जिंकला असं मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतोय ते दोन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. एक, पाण्यात तोंड वर ठेवून न घाबरता पाच मिनिटं तरंगता येणं. दुसरी, पाणी वाचता येणं. पहिलीला तीन महिने लागतात. दुसरीला दहा मिनिटं. आणि आपण दोन्हीला शून्य देतो.

ती दहा मिनिटं अशी. गाडीतून उतरलं की आधी झेंडे शोधायचे. लाल-पिवळे दोन झेंडे असतील तर त्यांच्या मधेच, बाहेर दोन पावलंही नाही. झेंडे नाहीत म्हणजे जीवरक्षक नाही, मग पाण्यात उतरायचं नाही. फोटो वाळूतही छान येतात. पाण्यात काही घडलंच आणि आत ओढलं जायला लागलं तर किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाशी भांडायचं नाही. दम संपतो आणि माणूस संपतो. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, ओरडायचं. जमत असेल तर आडवं, लाटा फुटतायत तिकडे सरकायचं. आणि बुडणाऱ्याला वाचवायला स्वतः पोहता येत नसताना उडी मारायची नाही, काहीतरी तरंगणारं फेकायचं. आपल्याकडे एकामागून एक माणसं जातात ती बरीचशी ह्या शेवटच्या चुकीने. त्या दिवशी बाबा माझ्यामागे पाण्यात शिरायला निघाले होते. बायकोने त्यांना कमरेला धरून ठेवलं. सासऱ्याला मिठी मारायची वेळ आली, असं ती आता हसून सांगते. तेव्हा ती हसत नव्हती.

आता तीन महिन्यांबद्दल. तुम्ही पुण्यात, बंगळुरात, मुंबईत असाल, फ्लॅटच्या जाहिरातीत स्विमिंग पूल बघून बुकिंग केलं असेल आणि गेल्या चार वर्षांत त्या पुलाच्या काठावर फक्त वाढदिवसाचे केक कापले असतील, तर हे तुमच्यासाठी आहे. गोवा, अंदमान, थायलंड, बाली, ऑस्ट्रेलिया, तिकीट कुठलंही काढा. तिकीट काढताय त्याच दिवशी पोहण्याची बॅच लावा. तिशी उलटल्यावर छोट्या पोरांच्या शेजारी कडीला धरून पाय मारताना लाज वाटते, मान्य. मी सध्या दर शनिवारी तेच करतोय. माझ्या शेजारच्या लेनमधे पाच वर्षांची एक मुलगी मला दर वेळी 'गुड ट्राय' म्हणते. लाजेने अजून कोणी मेल्याचं ऐकलं नाही.

आणि गावी आईवडील असतील, भाचे-पुतणे असतील, तर त्यांच्या फीचे पैसे पाठवा. आपण त्यांना फोन पाठवतो, घड्याळं पाठवतो. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला त्यांच्या चमूने जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. तिथे तरणतलाव आहे. बंडू आता तिथे जातो. ताई सुरुवातीला तयार नव्हती. नेमकी पाण्यातून वाचून आलेल्या पोराला पुन्हा पाण्यात कोण घालेल? शेवटी बाबांनीच तिला फोनवर सांगितलं, "आता तं घालाच लागते. न्हाई तं तो जन्मभर काठावरच उभा राहीन, माह्यासारखा."

पाणीटंचाईच्या गावात तरणतलाव ही चैन आहे का? मी ह्यावर बराच विचार केला. तलावातलं पाणी गाळून-शुद्ध करून पुन्हा पुन्हा वापरता येतं, आणि एका तलावात वर्षभरात शेकडो पोरं शिकू शकतात. त्याच गावात लग्नाच्या हॉलबाहेर कारंजी चालतात, त्यांना कोणी चैन म्हणत नाही. शाळेच्या दाखल्यावर पोहण्याचा एक रकाना असावा अशी माझी फार दिवसांची नाही, गेल्या जानेवारीपासूनची इच्छा आहे.

परवा अकोल्याला फोन केला. आई म्हणाली, बाबा सकाळी सहालाच बाहेर जातात, कुठे ते सांगत नाहीत, टॉवेल घेऊन जातात. मी बाबांना विचारलं तर आधी टाळाटाळ केली. मग म्हणाले, ज्येष्ठांची बॅच आहे, सात जण आहेत, सगळे पेन्शनर. पंधरा दिवस झाले.

"मग? येतं का?"

"आज कडी सोडली," बाबा म्हणाले. "चार सेकंद."

पुढच्या वेळच्या शीटमधे पहिली ओळ टाकून ठेवली आहे. अजून ती हिरवी केलेली नाही.